करडाचं अंग शेळीच्या पोटातच भरतं

श्रीनगरच्या शेर-ए-काश्मीर कृषी विद्यापीठाने 2025च्या मे महिन्यात देशातलं पहिलं जनुक-संपादित कोकरू जन्माला आल्याचं जाहीर केलं. त्याच्या मायोस्टॅटिन या प्रथिनाच्या जनुकात नेमका बदल केलेला आहे, बाहेरच्या प्राण्याचं जनुक त्यात घातलेलं नाही, आणि या बदलामुळे अंगावरचे स्नायू सुमारे 30 टक्क्यांनी वाढतील, असं संशोधकांनी सांगितलं. आपल्या प्रयोगशाळांत हे तंत्र इतकं मुरलं आहे, याचा आनंद व्हायलाच हवा. असं कोकरू काश्मिरात होऊ शकतं, तर उस्मानाबादी शेळीत आणि दख्खनी मेंढीत का नको, हा प्रश्नही ओघाने येतो. 2019च्या पशुगणनेनुसार महाराष्ट्रात सुमारे 1 कोटी 6 लाख शेळ्या आणि 27 लाखांच्या आसपास मेंढ्या आहेत. त्यातल्या बहुतेक ज्यांच्या दावणीला आहेत, त्यांच्याकडे जमीन थोडी किंवा अजिबात नाही. करडामागे दोन किलो मांस वाढलं तरी त्या घरांना मोठा आधार होईल. पण तो आधार जनुकात शोधायला निघण्याआधी करडाच्या आईपुढे काय पडतं ते पाहिलं पाहिजे, आणि तेही ती गाभण असताना, दुसऱ्या महिन्यापासून चौथ्याच्या मध्यापर्यंत. याच दिवसांत करडाच्या स्नायूंचा पाया घातला जातो, आणि आपल्या सगळ्या योजनांत याच दिवसांकडे कुणाचं लक्ष नसतं.

स्नायू लांब, बारीक तंतूंचा बनलेला असतो. अंगावर मांस धरायचं तर दोनच वाटा असतात: तंतूंची संख्या वाढणं, नाहीतर असलेला तंतू जाड होणं. शेळी-मेंढीत पहिली वाट जन्माआधीच जवळजवळ बंद होते. जन्मलेल्या करडाला कितीही खाऊ घातलं तरी तंतू फक्त जाड होतात, नवे फारसे तयार होत नाहीत. जाड व्हायलाही तंतूला लगटून असलेल्या राखीव पेशी लागतात. अलेक्झांडर मॉरो यांनी 1961मध्ये बेडकाच्या स्नायूत या पेशी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पहिल्यांदा ओळखल्या. त्या विभागतात, तंतूत मिसळतात आणि आपलं केंद्रक त्याला देतात. हे सगळं कधी सुरू व्हायचं आणि कुठे थांबायचं, ते ठरवणारे रासायनिक निरोप म्हणजे ग्रोथ फॅक्टर. आयजीएफ-1 आणि आयजीएफ-2 हे इन्सुलिनच्या कुळातले दोन ग्रोथ फॅक्टर पेशींना वाढायला लावतात. मायोस्टॅटिन त्यांना ब्रेक लावतं. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात से-जिन ली आणि अलेक्झांड्रा मॅकफेरॉन यांनी 1997मध्ये उंदरातून हे जनुक काढून टाकलं, तेव्हा त्या उंदरांचे स्नायू दुप्पट-तिप्पट झाले. बेल्जियन ब्लू जातीच्या गायी-बैलांचं अवाढव्य अंग याच जनुकातल्या नैसर्गिक बिघाडातून आलं आहे, हेही त्याच वर्षी उमगलं. तेव्हापासून जगाचं लक्ष ब्रेकवर खिळलं. ब्रेक सैल केला तरी पुढे जायला इंधन लागतंच, आणि आयजीएफ हा निरोप अन्नाशी घट्ट बांधलेला आहे. जनावर उपाशी राहिलं की मेंदूतून येणारं वाढीचं संप्रेरक रक्तात भरपूर असूनही यकृत त्याला दाद देत नाही आणि आयजीएफ-1 खाली येतं.

पोटातला हा हिशोब थोडा बारकाईने पाहू. शेळीचा गाभणकाळ सुमारे दीडशे दिवसांचा असतो. पहिला महिना सरता सरता गर्भात स्नायूच्या आदिपेशी एकमेकींना जुळून प्राथमिक तंतू घडवू लागतात. हे तंतू मोजके असतात, आणि त्यांची संख्या बव्हंशी वंशाने ठरते. पुढे प्रत्येक प्राथमिक तंतूच्या अंगाने दुय्यम तंतूंची भर पडत जाते. सूक्ष्मदर्शकाखाली या वयाच्या स्नायूचा आडवा काप ठेवला तर मधोमध एक ठळक तंतू आणि त्याभोवती बारीक तंतूंचं कडं दिसतं. करडाचं पुढचं बहुतेक मांस या कड्यातूनच यायचं असतं, आणि त्यात किती तंतू बसतील यावर आईच्या पोषणाचा थेट परिणाम होतो. आदिपेशी आधी पुरेशा विभागल्या पाहिजेत, मगच त्या जुळून तंतू व्हायला हव्यात. विभागायला लावणारे निरोप क्षीण झाले तर कमी पेशींवरच काम आटोपतं. मेंढीत ही संख्या साधारण शंभर-एकशेदहा दिवसांपर्यंत ठरून जाते. शेळीचा गाभणकाळ जवळपास तेवढाच असल्याने तिचंही वेळापत्रक याच्या आसपासचं धरायला हरकत नाही. शिवाय अन्न कमी पडलं की गर्भ आपला वाटा आधी मेंदूला, हृदयाला आणि यकृताला देतो. स्नायू रांगेत शेवटी असतो.

याचा पुरावा मेंढ्यांवरच्या प्रयोगांतून मिळाला आहे. अमेरिकेतल्या वायोमिंग विद्यापीठात काही गाभण मेंढ्यांना 28व्या दिवसापासून 78व्या दिवसापर्यंत गरजेच्या निम्मंच खाद्य दिलं आणि त्यानंतर विण्यापर्यंत पूर्ण. म्हणजे उपासमार फक्त पन्नास दिवसांची, आणि तीही पोट दिसू लागण्याआधीची. त्यांची कोकरं जन्मतः इतर कोकरांच्याच वजनाची होती. आठ महिन्यांची झाल्यावर त्यांचा पाठीचा स्नायू तपासला, तेव्हा त्यात तंतू कमी निघाले आणि स्नायूच्या आत चरबी जास्त निघाली. स्नायू आणि चरबी यांच्या पेशी गर्भात एकाच मूळ साठ्यातून येतात. स्नायूकडे जाणारी वाट अरुंद झाली तर त्यातला काही साठा दुसरीकडे वळतो, असं याचं स्पष्टीकरण दिलं जातं. ब्रिटनमधल्या नॉटिंगहॅम विद्यापीठाच्या प्रयोगाने वेळेचं महत्त्व आणखी नेमकं दाखवलं. तिथे 30 ते 70 दिवसांच्या दरम्यान खाद्य तोडलेल्या मेंढ्यांच्या कोकरांच्या स्नायूंवर परिणाम दिसला. हीच तूट पुढच्या टप्प्यांत आली तेव्हा तसा परिणाम दिसला नाही.

हे वेळापत्रक आता आपल्या रानावर ठेवून पाहा. होळीच्या सुमारास फळलेली शेळी श्रावणात विते. तिच्या करडाचे दुय्यम तंतू घडण्याचे दिवस म्हणजे वैशाख आणि ज्येष्ठ. मराठवाड्यात, माणदेशात, अहिल्यानगरच्या दक्षिणेला या दिवसांत धसकटंसुद्धा खाऊन संपलेली असतात. बांधावरच्या बोरी-बाभळींचा पाला माणसाच्या हाताच्या उंचीपर्यंत ओरबाडलेला असतो. शेळी मैलोन्‌मैल चालते, तेवढी ताकद खर्चते, आणि उन्हाच्या तापाने तिचं खाणंही मंदावतं. गाभणपणाच्या मधल्या दिवसांतल्या उष्णतेने वार खुजी राहते, हेही मेंढ्यांत दिसून आलेलं आहे. वार लहान म्हणजे गर्भाकडे जाणारा रक्ताचा आणि अन्नाचा रस्ताच लहान. तरीही या काळात मालकाला काही खटकत नाही, कारण तिसऱ्या महिन्याच्या अखेरीला गर्भाचं वजन जन्माच्या वजनाच्या सहाव्या-सातव्या हिश्श्याइतकंच असतं. शेळी गाभण दिसतच नाही. घरात मूठभर मका असेल तर ती दुभत्या शेळीला जाते, नाहीतर ईदसाठी राखलेल्या बोकडाला. ज्याच्या हाती थोडंच आहे त्याने ते डोळ्यांना दिसणाऱ्या गरजेला द्यावं, यात त्याचा काही दोष नाही.

यावर पशुवैद्यक पहिला आक्षेप घेतील, आणि तो पुस्तकाला धरून आहे. गर्भाचं सुमारे 70 टक्के वजन शेवटच्या दीड महिन्यात वाढतं, म्हणून खुराक तेव्हाच द्यावा, असं आजवर शिकवलं गेलं. ही शिकवण सोडावी असं कुणी म्हणू नये. जन्मतः दोन किलोच्या खाली असलेलं करडू थंडीत गारठतं, त्याला उभं राहायला वेळ लागतो, ते नीट लुचत नाही. शेवटच्या दीड महिन्याच्या खुराकाने त्याचं वजन वाढतं, आईच्या कासेत चीक धरतो आणि करडू जगतं. या चिकाविषयी थोडं सांगायलाच हवं. त्यातल्या प्रतिपिंडांविषयी आपण ऐकतो, पण चिकात आयजीएफ-1 आणि इन्सुलिनही भरपूर असतं, आणि नवजात आतड्याच्या वाढीला त्याने चालना मिळते. तरी अजून कित्येक ठिकाणी वार पडेपर्यंत करडाला आईला लावत नाहीत. पहिल्या तासाभरातला चीक असा वाया जातो, आणि तो वाचवायला एक पैसाही लागत नाही. मूळ मुद्दा असा की शेवटच्या दीड महिन्याचा खुराक वजनाचं काम करतो. तंतूंची संख्या तोवर ठरून गेलेली असते. पुस्तकाने वजन मोजलं, कारण वजन ताणकाट्यावर कळतं. तंतू मोजायला करडू कापावं लागतं, म्हणून पुस्तकाने ते मोजले नाहीत आणि सल्ल्यातही आले नाहीत.

दुसरा आक्षेप अधिक टोकदार आहे. वायोमिंगच्या कोकरांचं वजन जर इतरांइतकंच होतं, तर मालकाचं नुकसान कुठे झालं? बाजारात तर करडू नगावर किंवा जिवंत वजनावर जातं, तंतू मोजून कुणी पैसे देत नाही. याचं उत्तर चाऱ्याच्या हिशोबात आहे. मांसाच्या किलोभर वाढीत तीन-चतुर्थांशाच्या आसपास पाणीच असतं. चरबीत पाणी फार थोडं, त्यामुळे किलोभर चरबी चढवायला मांसाच्या कितीतरी पट ऊर्जा खर्चावी लागते. ज्या कोकरांना जन्मानंतर पोटभर मिळालं, त्यांनी कमी तंतूंची उणीव चरबीने झाकली. आपल्या करडाच्या वाट्याला तसं भरपूर खाणं येतच नाही. कमी तंतू घेऊन जन्मायचं आणि पुढेही अर्धपोटी राहायचं, असा दुहेरी तोटा त्याच्या वाट्याला येतो. पुढे खाऊन भरून काढेल, हा भरवसा जिथे पुढे खायला आहे तिथेच चालतो.

याच्याशी जुळणारी गोष्ट माणसांत पुण्याजवळच दिसली आहे. डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी केईएम रुग्णालयातून 1993मध्ये पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर स्त्रियांच्या पोषणाचा अभ्यास सुरू केला. तिथली बाळं सरासरी 2.7 किलोची होती. इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांपेक्षा ती बरीच हलकी होती, पण ती सगळीकडे सारखी हलकी नव्हती. त्यांचे स्नायू आणि पोटातले अवयव लहान होते, कातडीखालची चरबी मात्र जवळजवळ टिकून होती. बारीक दिसणाऱ्या, तरी चरबीला धरून असलेल्या या बाळांमुळे भारतातल्या मधुमेहाकडे पाहण्याची जगाची दृष्टी बदलली. माणूस आणि मेंढी यांची थेट बरोबरी करता येत नाही, माणसातल्या त्या चित्रामागे पिढ्यांचं कुपोषण आणि इतर अनेक कारणं आहेत. तरी पोटात अन्न कमी पडलं तर स्नायूला आधी कात्री लागते आणि चरबी वाचते, हा नमुना दोन्हीकडे दिसतो. गरोदर बाईला पहिल्या महिन्यांपासून नीट खायला मिळालं पाहिजे, हे आपण सरकारी धोरण म्हणून मान्य केलं आहे. ज्या जनावरावर त्याच बाईचं घर चालतं, त्याच्या बाबतीत मात्र आपण अजून फक्त वजनाशीच थांबलो आहोत.

जातीचा बोकड आणला, रक्त सुधारलं, की सगळं सुधारतं, असा तिसरा आक्षेप येईल. बोअर, बीटल, सिरोही यांचे संकर आपल्याकडे वाढत आहेत, आणि निवडीने जात सुधारते यात शंका नाही. पण ज्या करडाचा बाप मोठ्या अंगाचा, त्याची पोटातली मागणीही मोठी असते. ती पुरवायची असते पंचवीस-तीस किलोच्या, उन्हाळ्यात हाडं दिसणाऱ्या शेळीने. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेचं काम इथे आठवतं, आणि महाराष्ट्राने त्याचा अभिमान बाळगावा असंच ते आहे. सुंदरबनातल्या गरोल या छोट्या मेंढीत एक जनुक-बदल आहे, ज्याने जुळी कोकरं होतात. हा बदल ग्रोथ फॅक्टरच्याच एका मोठ्या कुळातल्या निरोपाच्या ग्राहक-प्रथिनात आहे. फलटणच्या संशोधकांनी तो पिढ्यान्‌पिढ्यांच्या निवडीतून दख्खनी मेंढीत आणला आणि नारी सुवर्णा मेंढी घडवली. कसलंही संपादन न करता, नुसत्या पैदाशीतून एका जनुकाचा लाभ धनगराच्या कळपापर्यंत पोचला. पण पोटात दोन जीव म्हणजे तंतू घडवायला लागणारी सामग्रीही दोघांची. जुळ्यांचं सोनं तिथेच होतं, जिथे मेंढीला त्या दिवसांत खायला मिळतं. बेल्जियन ब्लूचा धडाही हाच आहे. मांसल वासरू गायीच्या कटिभागातून येईना, म्हणून तिथे बहुतांश गायी पोट फाडून विवाव्या लागतात. युरोपातल्या शेतकऱ्याच्या दाराशी डॉक्टर येतो, म्हणून ते तिथे चालतं. जत तालुक्यातल्या वाडीवर रात्री अडलेल्या शेळीसाठी कोण येणार?

पैशांचं गणित मोठं नाही. तिसाव्या दिवसापासून एकशेपाचव्या दिवसापर्यंत रोज 200 ग्रॅम खुराक, म्हणजे मक्याचा भरडा, शेंगदाण्याची किंवा सरकीची पेंड आणि चिमूटभर खनिज मिश्रण, दिला तर शेळीमागे 15 किलो लागतो. शेवटच्या पंचेचाळीस दिवसांत तो 300 ग्रॅम केला तर आणखी साडेतेरा किलो. किलोला 30 रुपये धरले तर एका शेळीच्या गाभणपणाला साडेआठशे रुपयांच्या आसपास खर्च येतो, दहा शेळ्यांना साडेआठ हजार. राज्याच्या 10 शेळ्या आणि 1 बोकड गटवाटप योजनेत उस्मानाबादी शेळीला 8,000 आणि बोकडाला 10,000 रुपये धरलेले आहेत, विम्याचा खर्चही धरला आहे. खाद्य आणि चाऱ्याचा खर्च मात्र लाभार्थ्याने स्वतः करायचा आहे. दहाही शेळ्यांच्या गाभणपणाचा खुराक एका बोकडाच्या किमतीत बसतो, आणि नेमकी तीच रक्कम आपण लाभार्थ्यावर सोडून दिली आहे. फुकट चराईवर शेळ्या पाळता येतील म्हणूनच जी बाई या योजनेत आली, तिच्याकडून ही अपेक्षा धरणं व्यवहाराला धरून नाही. रोख दिली तर ती दुसऱ्या गरजेला जाईल, ही भीतीही रास्तच आहे, कारण गरजा तेवढ्या असतात. त्यावर उपाय म्हणून खुराक वस्तूरूपात द्यावा, आणि तो गावातल्या महिला गटाने दळून, मिसळून विकलेला असावा. उमेद अभियानातल्या पशुसखी आजही लसीकरण आणि जंतनाशकासाठी दारोदार जातात. शेळी कोणत्या तारखेला बोकडाला दाखवली आणि तीन आठवड्यांनी पुन्हा माजावर आली का, एवढी नोंद त्यांच्या वहीत असली तरी खुराक कधी सुरू करायचा ते कळेल. त्यासाठी सोनोग्राफीची गरज नाही. जिथे विकतचं काहीच शक्य नाही, तिथे पावसाळ्यात वाळवून ठेवलेला शेवरीचा पाला आणि माघ-फाल्गुनात गोळा केलेल्या बाभळीच्या शेंगा उपयोगी पडतात. सुबाभूळही चालते, पण तिचा वाटा एकूण चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्श्यापुढे नेऊ नये, तिच्यातल्या मिमोसिनने जनावराला बाधा होते.

प्रामाणिकपणे सांगायचं तर सगळ्या प्रयोगांनी एकच उत्तर दिलेलं नाही. काही प्रयोगांत खाद्य तोडूनही तंतूंची संख्या कमी झाली नाही, फक्त केंद्रकं आणि जाडी कमी झाली. जास्त खाऊ घातलं की जास्त चांगलं, असंही नाही. स्कॉटलंडमध्ये वाढत्या वयाच्या कोवळ्या मेंढ्यांना गाभणपणात भरमसाट खाद्य दिलं, तेव्हा अन्न त्यांच्या स्वतःच्याच वाढीकडे वळलं, वार खुजी राहिली आणि कोकरं लहान जन्मली. आपल्याकडे सहा-सात महिन्यांची पाट फळवण्याची घाई केली जाते, तिथे हे ध्यानात ठेवावं. तिला आधी वाढू द्यावं, मग भरावी. शिवाय हे सगळे आकडे परदेशी मेंढ्यांचे, थंड हवेतले आणि गोठ्यात मोजून टाकलेल्या चाऱ्याचे आहेत. उस्मानाबादी शेळी शतकानुशतकं कोरड्या रानात टिकलेली आहे. तिने या तुटीशी काही वेगळी तडजोड केलेली असण्याची शक्यता आहे, आणि ती तिच्याच अंगावर तपासली पाहिजे.

हे तपासणं अवघड नाही. महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठाची महाविद्यालयं उदगीर आणि परभणीत, म्हणजे उस्मानाबादीच्या घरीच आहेत. होळीच्या सुमारास फळलेल्या शेळ्यांचे तीन गट करावेत: एकाला नुसती चराई, दुसऱ्याला शेवटच्या दीड महिन्याचा खुराक, तिसऱ्याला दुसऱ्या महिन्यापासूनचा. करडांचं जन्माचं वजन, तीन महिन्यांतली मरतूक आणि आठव्या-नवव्या महिन्याचं वजन घ्यावं, आणि प्रत्येक गटातल्या काही बोकडांचं कापल्यानंतरचं मांस, हाड, चरबी वेगवेगळी तोलून पाठीच्या स्नायूचा काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहावा. दोन हंगामांत उत्तर हाती येईल. तिसऱ्या गटाने दुसऱ्यापेक्षा खरोखर जास्त मांस दिलं, तर गटवाटप योजनेच्या तक्त्यात शेळी, बोकड आणि विमा यांच्याखाली गाभण शेळीच्या खुराकाची चौथी ओळ घालायला पशुसंवर्धन विभागाकडे पुरावा असेल. नाही दिलं, तरी शेवटच्या दीड महिन्याच्या खुराकासाठी ती ओळ लागणारच आहे.